खालची ओळ

जळगावच्या त्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. फाडून टाकायला हात शिवशिवतात, पण ठेवली आहे. जाड कागद, मातकट रंग, वर एका मडक्याचं रेखाचित्र आणि खाली मोठी अक्षरं : ‘माती बोलते – कविता आणि पुरातत्त्व’. ते मडकं मी काढलेलं. माझं नाव कुठं नाही, त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. पण आतल्या पानावर छापलंय, ‘कविता : एका अनामिक कबर खोदणाऱ्याच्या वहीतून’. अनामिक? अहो, त्या माणसाच्या घरी तुम्ही जेवलात! त्याच्या बायकोच्या, मदिनाभाभीच्या, हातच्या शेवया दोनदा मागून घेतल्यात! नाव आहे त्याला. हारुन रज्जाक पिंजारी. घ्या लिहून.

हारुनभाई धुळे जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या गावात राहतात. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथं कॅमेरेवाल्यांची बस उतरेल. वय चौसष्ट. वडील कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. मशिनी आल्या, ते काम गेलं, आणि हारुनभाई गावच्या कब्रस्तानात कबरी खोदायला लागले. त्याला आता बावीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. घरात हिंदी, गावात अहिराणी. मी पडलो जळगावजवळच्या असोद्याचा, आमची बोली वेगळी, त्यामुळं ते मलाच हसायचे. ‘‘मास्तर, तुमनी बोली माले समजत नही, पन चित्रं समजतस,’’ म्हणायचे. मी त्याच गावाजवळच्या हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवली, आणि रिटायर झाल्यावर असोद्याला परत आलो.

अडीच वर्षांपूर्वी त्या गावच्या पांढरीत एका विद्यापीठाचं उत्खनन सुरू झालं. पांढर म्हणजे जुनी वस्ती उठून गेलेली जागा, राखेसारखी भुरकट माती. त्यांना खापरं, मडकी मापात काढून देणारा माणूस पाहिजे होता. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मजूर गावातलेच घेतले. त्यात हारुनभाई.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. चौकोनी खड्ड्यात काम चाललं होतं. हारुनभाईंनी एकदम हात वर केला. ‘‘थांबा. आठे कोनीतरी खड्डा करेल शे, आन परत भरेल शे.’’ बूट घातलेला एक संशोधक पोरगा वरूनच हसला. म्हणाला, चाचा, ही साडेतीन हजार वर्षांपूर्वीची जमीन आहे, तुमचा खड्डा नाही. हारुनभाईंनी चिमूटभर माती बोटांत चोळली. ‘‘उकरेल माती कितीबी दाबा, पहिल्यासारखी बसत नही. मन्हा रोजना धंदा शे.’’ खरवडून पाहिलं तर दोन मडकी निघाली, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत तान्ह्या बाळाची हाडं. मग काय विचारता! टाळ्या काय, फोटो काय, पुण्याला फोन काय. हसणारा पोरगा सगळ्यांच्या पुढं उभा राहून फोटो काढून घेत होता.

हारुनभाई बाहेर आले, हात धुतले आणि माझ्याशेजारी बसले. ‘‘मास्तर, हाई घर व्हतं ना? घरमाच गाडं का त्यास्नी?’’ मी म्हटलं, हो, त्या काळी तान्ह्या पोराला घराच्या जमिनीखालीच पुरायचे. ते म्हणाले, ‘‘मंग माय रोज त्यानावरतून चालत व्हई.’’ एवढंच. त्या दिवशी माझ्याच्यानं एक रेघ सरळ निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी नेलं आणि ट्रंकेतून वही काढली. दुकानदार वापरतात तशी लांब, लाल पुठ्ठ्याची. त्यात प्रत्येक पानावर एक मूल.

ही वही काय आहे ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा संताप त्याच्यावर आहे. त्या गावात तान्ह्या मुलांच्या कबरीवर दगड लावत नाहीत, तशी रीत नाही. हातभर उंचवटा, दोन पावसाळ्यांत सपाट. आई तर बाळंतिणीच्या खाटेवर असते. बायका एरवीही कब्रस्तानात आत जात नाहीत, फाटकाशी उभ्या राहतात. बाप मूल हातावर घेऊन येतो, माती देतो, जातो. मग वर्षा-दोन वर्षांनी ती आई फाटकाशी येते आणि विचारते, माझं कुठं आहे? पहिल्या वर्षी एका आईला हारुनभाईंना सांगता आलं नाही. तिथून ही वही.

काम कसं, तर माती देऊन झाली की ते बापाला बाजूला घेऊन एकच विचारायचे, ‘‘पोऱ्यानी माय काय बोलनी?’’ बाप जे सांगेल ते पानाच्या अगदी वर एका ओळीत बसवायचं. आणि पानाच्या अगदी खाली, दुसऱ्या ओळीत, जागा. यमक जुळवायचं, म्हणजे डोक्यात राहतं. एक पान मला तोंडपाठ आहे :

पाळणाले दोर नवा, गाठच नही मारी,
दुसरा लिंबथून चार पावलं, भिंतना शेजारी.

दोन ओळींच्या मधलं अख्खं पान कोरं. मी विचारलं, हे का सोडलं? म्हणाले, ‘‘ती जागा मायनी शे. कवय तरी येई, आखो काही बोली, तवय लिखसू.’’ काही पानांवर खरंच मध्ये ओळी वाढल्या होत्या. कुणाची चार वर्षांनी, कुणाची दहा. आई फाटकाशी आली की हे वही उघडायचे, दोन्ही ओळी मोठ्यानं म्हणायचे, खालच्या ओळीप्रमाणं पावलं मोजत जायचे आणि त्या जागेवर पाणी घालायचे. ती तिथूनच बघायची. दोनशे अकरा पानं होती.

आणि ही वही हारुनभाईंच्या हातून कुणी सोडवली? मी. या गाढवानं. दुसऱ्यांवर ओरडायच्या आधी हे सांगून टाकतो.

उत्खननावर डॉ. कामिनी म्हणून एक बाई होत्या, विद्यापीठात शिकवायच्या. कविता आणि पुरातत्त्व एकत्र आणून माणसाच्या कायमच्या सुखदुःखांचा शोध घ्यायचा, असा त्यांचा प्रकल्प. वाईट बाई नव्हत्या, तेच तर दुखतं. वही वाचताना त्या रडल्या. खरंच रडल्या, डोळे पुसायला माझा रुमाल घेतला. म्हणाल्या, मडक्यातलं ते बाळ आणि ही वही, यांच्यात साडेतीन हजार वर्षं आहेत आणि काहीच नाही. मला पटलं. अजूनही पटतं. त्यांना वही आठ दिवस पाहिजे होती. हारुनभाई नको म्हणाले. ‘‘कोनी माय उनी तं मी काय सांगू?’’ मी मध्ये पडलो. म्हटलं, भाई, शिकलेली माणसं आहेत, जपून ठेवतील, तुमच्या ट्रंकेत उंदीर लागले तर? मी शब्द दिला, आणि त्यांनी माझ्या शब्दावर वही दिली.

आठ दिवसांची दोन वर्षं झाली. फोन केला की, ‘‘काम सुरू आहे, पंडितसर.’’ फोन केला की, ‘‘सुरक्षित आहे, पंडितसर.’’ नंतर नंतर मीच फोन करायला लाजायला लागलो. कारण तिकडं हारुनभाईंना काय म्हणायचं तेच सुचेना.

यंदा उन्हाळ्यात गावच्या कब्रस्तानात जागा संपली. कमिटीनं ठरवलं, लहान मुलांच्या कोपऱ्यावर चार फूट भराव टाकायचा आणि वर नव्या कबरी करायच्या. त्यात त्यांची चूक नाही; मेलेल्यांना जागा तर लागतेच. त्यांनी महिन्याची मुदत दिली : ज्यांना आपल्या मुलाची जागा माहीत आहे त्यांनी विटांचा छोटा खांब उभा करावा, भरावातून वर येईल इतका. आता सांगा, ही माहिती कुठं होती?

हारुनभाई वहीशिवाय कामाला लागले. आठवणीनं, यमक पुटपुटत, पावलं मोजत. एकशे सत्तर जागा त्यांनी बरोबर काढल्या. एकेचाळीस राहिल्या. त्यात शाझियाचं मूल.

शाझिया जळगावला राहते. नवरा नईम, माझा जुना विद्यार्थी, दाल मिलमध्ये कामाला. सात वर्षांपूर्वी सासरी, म्हणजे त्या गावी, तिचा मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. नंतर ते जळगावला आले. सासूनं बजावलेलं, मागचं काढायचं नाही. पोरीनं सात वर्षं नाही काढलं. भरावाची बातमी दिराच्या फोनवरून कळली तशी ती पहिल्यांदा म्हणाली, मला जागा पाहिजे. नईमला आठवेना. ‘‘बावीस वर्षांचा होतो हो मास्तर. हातातल्या पुडक्याकडंच बघत होतो. लिंब होता एवढं माहिती.’’ कडुलिंब तिथं तीन आहेत. आणि त्या उन्हाळ्यात त्या कोपऱ्यात नऊ मुलं गेली होती.

त्याच आठवड्यात ती निमंत्रणपत्रिका आली. मला वाटलं, देव पावला! वही जळगावातच येतेय. मी हारुनभाईंना कळवलं, ते धुळ्याहून एसटीनं आले. असोद्याहून मी मोटरसायकलवर. शाझिया आणि नईम रिक्षानं. मुदत संपायला तीन दिवस होते.

हॉल गार, दिवे मंद, कुठूनतरी बासरी लावलेली. मधोमध काचेच्या पेटीत ती दोन मडकी. आणि चारही भिंतींवर चौकटी, एकसारख्या, काळ्या. प्रत्येकीत हारुनभाईंच्या अक्षरातली एक ओळ.

एक.

मी पहिल्या चौकटीपाशीच थबकलो. वरची ओळ आहे. खालची नाही. दुसरी पाहिली. वरची आहे, खालची नाही. शाझिया तोवर भिंतीला धरून एकेक वाचत पुढं गेली होती. सदतिसाव्या चौकटीपाशी थांबली. ‘टोपी इनी मी लाल, माप जरासं मोठं ऱ्हायनं.’ तिनं काचेवर हात ठेवला. ती टोपी तिनं विणली होती. हे वाक्य तिनं खाटेवरून नईमला म्हटलं होतं, आणि नईमनं हारुनभाईंना सांगितलं होतं, हे तिला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी धावत आली. ‘‘मॅडम, काचेला हात लावू नका प्लीज.’’

मग मात्र माझा तोल सुटला. ‘‘तिचं वाक्य आहे ते!’’ मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बासरी ऐकू येईनाशी झाली. ‘‘तिच्या पोराचं पान आहे! उघडा ही चौकट, आत्ताच्या आत्ता!’’ पाहुणे मागं सरकले. कामिनीताई आल्या. मला बघून हसल्या, हारुनभाईंना वाकून नमस्कार केला. मी नमस्कार-चमत्कार काही होऊ दिला नाही. म्हटलं, खालची ओळ दाखवा. चौकटीमागं दडली असेल तर काढा. त्या म्हणाल्या, उद्या परवानगी घेऊन बघू. मी म्हटलं, परवानगी हिच्याकडून घ्या, ही समोर उभी आहे. शेवटी नईमनंच खिशातल्या चावीनं मागचे खिळे वाकवले. कुणी अडवायला आलं नाही.

पान अर्धंच होतं. खालची कड कटरनं कापलेली, अगदी सरळ, पट्टी लावून.

कामिनीताईंचा चेहरा उतरला. ‘‘चौकटी तयार मापाच्या होत्या. वहीची पानं लांब. आणि मधला भाग कोराच होता... खाली सगळं मोजमाप होतं ना, झाडं, पावलं, भिंत. आम्ही कवितेचा भाग ठेवला.’’

कवितेचा भाग! कपाळ तुमचं! मी विचारलं, कापायच्या आधी फोटो तरी काढलेत की नाही? काढले होते. कवितेच्या भागाचे.

हारुनभाईंनी अगदी हळू विचारलं, ‘‘ताई, खालना कागद कोठे टाकात?’’

‘‘रद्दीत गेले असतील, चाचा.’’

‘‘कोनता रद्दीवालाकडे?’’

वर्ष उलटून गेलं होतं. आणि हा माणूस पुण्याच्या कुठल्या गल्लीतला रद्दीवाला ते विचारून तिथं जायला निघाला असता, मी ओळखतो त्यांना.

मी वळलो तर समोर ती काचेची पेटी. मडक्यांखाली पट्टी होती आणि तिच्यावरचे आकडे माझ्याच हातचे होते. खड्डा क्रमांक, थर, जमिनीखाली एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर, अक्षांश-रेखांश दशांशाच्या सातव्या घरापर्यंत. डोकं कुठल्या दिशेला, डाव्या हाताचं हाड कुठं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या बाळाचा पत्ता आम्ही बोटभरही चुकू दिला नाही. त्यासाठी मोजणीच्या दोन दुर्बिणी आणल्या, सहा माणसं लावली, मी एका कागदावर चार दिवस घालवले. आणि सात वर्षांपूर्वीच्या बाळाचा पत्ता? मोजमाप म्हणून कापला. त्या प्राचीन बाळाच्या नावानं भिंतीवर एक लांबलचक कविताही होती, कामिनीताईंनी स्वतः लिहिलेली. ‘हे मृण्मय गर्भातल्या अनादी स्पंदना’ अशी सुरुवात. पुढचं मी वाचलं नाही. हारुनभाईंनी नंतर त्या बाळासाठीही वहीत एक जादा पान केलं होतं, त्यात वरची जागा कोरी सोडून फक्त खालची ओळ लिहिली होती, कारण आईला विचारायला कुणी नव्हतं. ते पान अख्खंच्या अख्खं रद्दीत गेलं असणार. वर ठेवण्यासारखं काही नव्हतं ना त्यात!

मी सगळ्यांदेखत काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. कामिनीताई रडल्या. या वेळी मी रुमाल दिला नाही.

मुदत संपली त्या दिवशी आम्ही चौघं गावी होतो. उरलेल्या अर्ध्या पानांचा गठ्ठा मी भांडून आणला होता, पण त्याचा उपयोग काय? हारुनभाई पहाटेपासून त्या कोपऱ्यात उकिडवे बसून मातीवर तळहात फिरवत होते. त्यांना कळत होतं कुठं कुठं उकरलेली माती आहे. कुणाची, ते मातीवरून कळत नाही. आणि उघडून बघायची तिथं कुणाला मुभा नाही. ती मुभा फक्त आम्हाला होती, नदीकाठी, सरकारी परवान्यानं.

ट्रॅक्टर येऊन उभे राहिले होते. शाझिया फाटकाशी, तिच्या ओढणीत सहा विटा. मी हारुनभाईंजवळ गेलो आणि खालच्या आवाजात म्हटलं, भाई, लिंबाजवळची कुठलीही एक दाखवा. तिला काय कळणार आहे? पोरीचा जीव तरी थंड होईल.

इतक्या वर्षांच्या ओळखीत ते माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. ‘‘आन उद्या त्या जागानी माय उनी, तं तिले काय दखाडू? एकदाव तुमनं आयकं मास्तर. आते नही.’’



ते उठून फाटकाशी गेले. शाझियाच्या समोर उभे राहिले, मान खाली घालून नाही, तिच्याकडं बघून. ‘‘बेटी, मुझे याद नहीं,’’ म्हणाले. ‘‘नीम के पास तीन जगह बाकी है. तीनों में से कौनसी, अल्लाह जाने. मैं झूठ नहीं बताऊंगा.’’

नईमनं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला. त्या कोपऱ्याकडं पाहिलं. एकशे सत्तर छोटे खांब आणि मधल्या मोकळ्या जागा. मग म्हणाली, ‘‘चाचा, जितने बाकी हैं, सब को पानी डालो. मैं खड़ी हूं.’’

एकेचाळीस मुलं. हारुनभाई हातानं चाचपून जागा काढायचे, मी आणि नईम हौदावरून बादल्या आणायचो. ट्रॅक्टरवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला. शाझियानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं, त्यानं इंजिन बंद केलं. दीड तास लागला. प्रत्येक वेळी पाणी पडलं की ती फाटकातून ओठ हलवायची. शेवटच्या बादलीनंतर तिनं विटा हारुनभाईंच्या हातात दिल्या आणि म्हणाली, कमिटीला द्या, कुणाच्यातरी कामी येतील. त्यानंतर ट्रॅक्टर आत गेले.

हे सगळं वाचून कुणाला गहिवरून येत असेल, तर कृपा करून आवरा. मोठं मन, आईचं काळीज वगैरे माझ्यापुढं म्हणू नका. तिला एक जागा पाहिजे होती. एक. ती कुणीतरी पट्टी लावून कापली, आणि मी त्या कुणाच्या तरी हातात वही दिली. एकेचाळीस जागांना पाणी घालणं हा काही तिचा मोठेपणा नव्हता. तिच्याकडं तेवढंच शिल्लक ठेवलं होतं आपण.

फाटकाशी ती ओठ हलवत होती तेव्हा काय म्हणत होती, ते बादल्या नेता-आणताना मला ऐकू आलं. एकच ओळ होती, एकेचाळीस वेळा. हारुनभाईंनी तिला विचारून ती सदतिसाव्या चौकटीतल्या त्या अर्ध्या पानामागं लिहून शाझियाला दिली. परवा कामिनीताईंचा फोन आला होता. प्रदर्शनाबरोबर काढलेल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, या वेळी नाव घालणार आहेत, माफीही मागणार आहेत, आणि त्यांना कुणीतरी सांगितलंय की शाझिया फाटकाशी काहीतरी फार सुंदर बोलली. नेमके शब्द काय होते, पंडितसर? दोनदा विचारलं.

मी नाही सांगितलं. तुम्हालाही नाही सांगणार.